बुधवार कोणाचा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "आखातातले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं बरं वाटतं." गमतीदार अनुभव माझ्याकडे पोतंभर आहेत. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, कुठेही मी ते सांगत आलोय आणि लोक हसत आलेत. त्यात एक अनुभव मी कधीच सांगितला नाही. बायकोलाही अर्धाच सांगितला. यंदा तो लिहितो. हलकाफुलका नाही. संपादकांना पानं पुढेमागे करायची असतील तर त्यांनी खुशाल करावीत.

मस्कतजवळ बौशरला एका मेंटेनन्स कंपनीच्या कामगार-वसाहतीवर मी कॅम्प बॉस होतो. नाव भारदस्त आहे, पण काम धर्मशाळेच्या कारभाऱ्याचं. चारशे माणसं, एका खोलीत सहा पलंग. कोण कुठे झोपणार, कोण कुठल्या बसने कामावर जाणार, कोणाच्या एसीचं पाणी कोणाच्या चपलांत गळतंय, हे सगळं माझ्याकडे. माणसं भाषेप्रमाणे आणि गावाप्रमाणे ठेवायची, म्हणजे भांडणं कमी होतात, हा धंद्यातला पहिला धडा. दुसरा धडा म्हणजे भांडण ऑफिसपर्यंत जाऊ द्यायचं नाही. माझ्या टेबलावर तक्रारींची एक वही होती. ती कोरी असायची. मॅनेजर ती वही बाकीच्या कॅम्प बॉसना दाखवायचा आणि माझी छाती फुगायची.

चमत्कारिक माणसं कमी नव्हती. एक गवंडी असा घोरायचा की भिंतीपलीकडची माणसं जागी व्हायची. त्याला मी एका कानाने ऐकू न येणाऱ्या वेल्डरच्या खोलीत टाकला, आणि वेल्डरला सांगितलं की चांगल्या कानावर झोप. दोघांची गट्टी जमली. एक ड्रायव्हर पलंगाखाली कोंबडी पाळायचा. एक इलेक्ट्रिशियन पहाटे उठून उलट्या बाजूने चालायचा, कोणी सांगितलं होतं की गुडघे बरे होतात. हसून हसून पुरेवाट व्हायची, पण सगळ्यांना जागा मिळाली. मी मिळवून दिली. म्हणून मला वाटायचं, माणसं सामावून घेणं ही माझी खासियत आहे.

आता मेस. कंपनीचं जेवण म्हणजे तीनशे पासष्ट दिवस तोच भात आणि तेच सांबार. ज्यांना ते नको, त्यांनी किमान सहा जणांचा गट करायचा, मग त्यांना सामाईक स्वयंपाकघरात एक शेगडी आणि एक फळी मिळायची. प्रत्येकाचा एक वार ठरलेला. ज्याचा वार, त्याला मी पहिल्या बसने, चार वाजता कॅम्पवर आणायचो, बाकीचे सहाला. त्यासाठी वारांचा तक्ता माझ्या सहीने टाइमकीपरकडे जायचा. तक्त्यात नाव नसेल तर चारची बस नाही, आणि चारची बस नाही तर स्वयंपाक नाही. म्हणजे कोणी रांधायचं हे कागदावर मी ठरवायचो.

आमच्या कोकणी पोरांची मेस सात जणांची. सोमवार, गुरुवार, शनिवार कोणाचा ना कोणाचा उपास, त्यामुळे डाळ-भाजी. मंगळवारी गणपती. रविवारी अंड्यांवर भागवायचं. बुधवार आला की आठवड्यातला पहिला मासा. शुक्रवारी सुट्टी, सगळे मिळून राडा. पण बुधवारची वाट माणसं रविवारपासून बघायची, म्हणून बुधवार ज्याच्या हाताला चव आहे त्याला.

सुनील आला आणि तीन आठवड्यांत बुधवार त्याचा झाला. मंडणगडकडचा. आयटीआय करून आलेला, मोठ्या इमारतींचे चिलर, म्हणजे एसीची मोठी यंत्रं, दुरुस्त करणारा. सडपातळ, कमी बोलणारा, बोलला की नेमकं. बांगड्याचं कालवण असं करायचा की बाजूच्या मेसमधले मल्याळी वाटी घेऊन दारात उभे राहायचे. तांदळाच्या भाकऱ्या थापायचा, त्याही हातावर. दत्ताराम म्हणून आमचा जुना प्लंबर होता, माझ्या शेजारच्या गावचा, मेसमधला वडीलधारा. तो बोटं चाटत म्हणायचा, "सुन्या, तुझी बायको सुखात पडंल रे, तिला चूल काय ती ठाव नाय व्हायची."

पाच महिने असे गेले. मग एप्रिलमधली जयंती आली.

अल खौदला विद्यापीठाच्या बाजूला आपल्याकडचे काही इंजिनियर कुटुंबासह राहायचे. त्यांतल्या एकाच्या घरी जयंती साजरी झाली. सुनील दर शुक्रवारी त्याच घरी जायचा, कारण ते इंजिनियर त्याला सुपरवायझरच्या परीक्षेची तयारी फुकट करून देत होते. जयंतीचा फोटो कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. मागे तसबीर, हार, निळं कापड, आणि पुढच्या रांगेत हात जोडून सुनील. तो लपवत नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्याचं आडनाव गावावरून पडलेलं, तसलं आडनाव आमच्यातही असतं, आणि आम्ही आमच्या सोयीने तो आमचा धरला होता.

शनिवारी संध्याकाळी दत्ताराम ऑफिसात आला. टोपी काढून हातात घेतली. माणसं वाईट मागणं मागायला येतात तेव्हा फार नम्र असतात.

"भाऊ, भांडान नको म्हणून आलोय."

"बस. काय झालं?"

"तेवढं वार बदला."

"का?"

"आता काय तोंडानं सांगू? फोटू बघितलात ना तुमी."

"पाच महिने खाल्लंस की, दत्ता. बोटं चाटलीस."

"तवा ठाव नव्हतं." तो जरा पुढे सरकला. "आमी त्याला भायेर काढतो काय? नाय. बसू दे पंगतीत, खाऊ दे पोटभर. फक्त टोपाला हात नको. भाऊ, घरची बाई फोनवर रोज इचारते, आज वार कुणाचा. मी काय सांगू? गावात गेलं तर उद्या पोरीच्या सोयरिकीला लोक नाव ठेवतील."

मी त्याला काय म्हणायला हवं होतं ते आज मला पाठ आहे. अरे, दीड हजार किलोमीटरवर येऊन दुसऱ्याच्या देशात दुसऱ्याच्या संडासाचे पाइप साफ करतोस, तिथे हात लावताना बाईला विचारतोस का? हे म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

बघतो! या एका शब्दाखाली आपल्याकडे किती माणसं गाडली गेली असतील देव जाणे.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा स्वतःवरचा राग नीट कळेल. आम्ही काही वरचे नव्हे. माझा बाप खोताच्या अंगणात उभा राहायचा, ओटीवर चढायचा नाही. त्याला पाणी वरून ओतलेलं मी लहानपणी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि घरी येऊन तो किती वेळ कोणाशी बोलला नाही तेही. ते आठवूनही मी तक्ता काढला, पट्टी घेतली आणि नवा तक्ता आखला. बुधवार दत्तारामच्या पुतण्याला. सुनीलच्या नावापुढे लिहिलं: 'बाजार'. त्याने सीबच्या बाजारातून मासा आणायचा, भाजी आणायची. कच्चं सामान कोणाच्याही हातचं चालतं, शिजलेलं चालत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. कोणाला विचारावंही लागलं नाही. माझ्या हाताने ते आपोआप लिहिलं. स्वतःच्या हाताची मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, काय सुंदर तोड काढली!

सुनील दुसऱ्या दिवशी तक्त्याचा फोटो काढूनच आला.

"भाऊ, माझा बुधवार कुठे गेला?"

"अरे, तुझं चिलरचं काम दमवणारं. तुला जरा हलकं दिलं."

"मी दमतो असं तुम्हाला कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं?"

"मग मी सांगतो. मी दमत नाही. माझा वार लावा."

मी कागद इकडचे तिकडे केले. म्हणालो, "सुनील, समजून घे. सगळ्यांनी मिळून राहायचंय."

"मी मिळूनच राहत होतो. पाच महिने." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, मी रागावू शकलो असतो. "ठीक आहे. कारण लिहून द्या. सुनीलचा बुधवार का काढला, खाली तुमची सही. एक ओळ पुरे."

ती एक ओळ मी लिहिली नाही. ती लिहिता आली नसती, आणि जे लिहिता येत नाही ते करू नये एवढी साधी अक्कल माझ्यासारख्या कागद काळे करणाऱ्या माणसाला नव्हती.

त्या दिवसापासून सुनील मेसमध्ये जेवला नाही. जाताना पंगतीला एकच वाक्य बोलला, "ज्यांना माझ्या हातचं चालत नाही, त्यांच्या हातचं मलाही चालत नाही." मग त्याने स्वतंत्र शेगडी मागितली. मी नियम दाखवला: किमान सहा माणसं. नियम माझ्या फार उपयोगी पडायचे.

आमचा एक बस ड्रायव्हर होता, रशीद, बलुची. त्याने बसच्या पायरीवर सुनीलला कंपनीचा सांबारभात खाताना पाहिलं आणि म्हणाला, "यार, तू हमारे चूल्हे पे आ जा. बुध को तू पका, हम भी देखें क्या चीज़ है." सुनील गेला. त्या बुधवारी बलुच्यांनी त्याचं कालवण खाल्लं आणि टोप पालथा घातला. झालं एवढंच.

पण दत्ताराम परत हजर. "भाऊ, ह्यो काय परकार? आपला मानूस त्यांच्यात जेवतो. गावात काय तोंड दाखवायचं?"

"आपला?" मी म्हणालो. "आता आपला झाला?"

"तसं नाय हो..."

तसंच होतं. आत घ्यायचा नाही आणि बाहेरही जाऊ द्यायचा नाही. उंबऱ्यावर उभा ठेवायचा, म्हणजे येताजाता दिसतो आणि आपण आत आहोत याची खात्री पटते. हे मी आता लिहितोय. तेव्हा मला एवढंच दिसलं की मेसमधली पाच-सहा पोरं रशीदच्या बसमध्ये बसायला नकार देताहेत, टाइमकीपर विचारतोय काय भानगड आहे, आणि एक-दोन दिवसांत माझ्या कोऱ्या वहीत पहिली तक्रार पडणार.

कंपनीचं एक छोटं काम खाबुऱ्याला चालू होतं. समुद्राकाठी, दोन तासांवर, चार पोर्टा-केबिन. तिथे चिलरवाला हवा होता, पण कोणी जायला तयार नसायचं. मी बदलीचा कागद भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'टू मेंटेन हार्मनी'. प्रशासनातले ओमानी अधिकारी सालेम. त्यांनी कागद वाचून चष्मा वर केला.

"धिस बॉय, ही मेक ट्रबल?"

"नो सर. व्हेरी गुड मॅन."

"देन व्हाय यू सेंड हिम?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "फूड प्रॉब्लेम, सर."

ते हसले. "फूड? इन खाबुरा? खलास, ही विल क्राय." आणि सही केली. माझा खोटेपणा इतका किरकोळ दिसत होता की त्यांना तो विनोद वाटला.

सुनीलला सांगितलं तेव्हा त्याने एकदाच विनंती केली. एवढ्या दिवसांत तेवढीच.

"भाऊ, दोन महिने थांबवा. परीक्षा दोन महिन्यांवर आहे. खाबुऱ्याहून शुक्रवारी अल खौदला यायला गाडी नाही. क्लास बुडाला तर मी गेलो. मी कोणाशी बोलणार नाही, कोणाबरोबर जेवणार नाही, कोपऱ्यात बसून ब्रेड खाईन. दोन महिने."

"माझ्या हातात नाही रे," मी म्हणालो.

माझ्याच हातात होतं. माझ्या अक्षरातला कागद टेबलावर होता, शाईसुद्धा माझ्या पेनाची. जूनमध्ये परीक्षा झाली, तो बसू शकला नाही. सुपरवायझरची जागा बाहेरून भरली.

तीन-चार महिन्यांनी केबिनची तपासणी करायला मला खाबुऱ्याला जावं लागलं. दुपारची वेळ, बाहेर काहिली. केबिनमध्ये खाली पेपर अंथरलेले, दोन बंगाली, एक तमिळ फोरमन, एक इजिप्शियन सर्व्हेयर आणि मध्ये मोठा टोप घेऊन सुनील. कोळ्यांकडून सकाळी आणलेला मासा. तिथे तक्ता नव्हता, रोज तोच रांधायचा. बंगाल्याने हाक मारली, "आओ बॉस, बैठो."

मी बसलो. सुनीलने सगळ्यांना वाढलं. माझ्यापुढे ताट ठेवलं, पळी भरली आणि हात वर धरून सगळ्यांसमोर मराठीत विचारलं,

"चालेल ना, भाऊ?"

बाकीच्यांना कळलं नाही. मी मान हलवली.

तो घास घशाखाली उतरला नाही असं लिहिणं सोपं आहे, आणि बरंही दिसेल. पण उतरला. चांगला उतरला. मी दोनदा मागून घेतलं. म्हणजे मला त्याच्या हातचं कधीच वावडं नव्हतं. हेच मला खातं. दत्ताराम निदान जे बापजाद्यांनी डोक्यात भरलं ते खरं मानत होता. मी काहीच मानत नव्हतो. न मानता, नुसतं आपली वही कोरी राहावी म्हणून, मी एका माणसाचा वार, शेजार आणि पुढची पायरी काढून घेतली. विटाळ मानणाऱ्याला शिव्या घालायला आपल्याकडे आता लेखक आहेत, पुढारी आहेत. विटाळ न मानता तो पाळणाऱ्याला कोणी शिव्या घालत नाही. तो सज्जन असतो. त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करतात.

आणि अजून सांगायचंय. परत आल्यावर दत्तारामने सहज विचारलं, "जेवलात कुठं, भाऊ?"

"हॉटेलात," मी म्हणालो.

करार संपल्यावर सुनील नूतनीकरण न करता गावी निघाला. जाताना गादी, कपाटाची चावी, हेल्मेट परत केल्याच्या फॉर्मवर माझी सही लागते. मी सही करून फॉर्म पुढे केला आणि निर्लज्जासारखं विचारलं, "राग नाही ना रे मनात?"

"आहे," तो म्हणाला. फॉर्म घडी करून खिशात ठेवला. "असू द्या."

मी त्यानंतर तीन वर्षं कॅम्प चालवला. वही कोरीच राहिली. निरोप समारंभात मला घड्याळ मिळालं, आणि मॅनेजरने भाषणात सांगितलं की या माणसाच्या काळात एकही तक्रार आली नाही. टाळ्या वाजल्या. दत्ताराम सर्वांत जास्त वाजवत होता. मी हसून हात जोडले. त्या जोडलेल्या हातांवर कोणीतरी पट्टी मारायला हवी होती.

"आता तसं राहिलं नाही हो," असं मला चिपळुणात, जिथे मी आता राहतो, रोज कोणीतरी ऐकवतं. ऐकवणाऱ्याच्या घरात भांडी घासणारी बाई मागच्या दाराने येते. भाडेकरू ठेवताना आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, गावावरूनही कळलं नाही तर वाडी विचारतात, आणि मग म्हणतात, तसं काही नाही, आपलं सहज. आपल्याकडे हे सगळं सहजच चालतं.

हे लिहायला घेण्याआधी मी सुनीलचा नंबर शोधून काढला. पनवेलला एका खाजगी संस्थेत तो मुलांना एसीचं काम शिकवतो. आवाज तसाच, सपाट.

"लिहू का रे?" मी विचारलं. "तुझं नाव बदलतो."

"लिहा. तुम्ही काय केलंत ते लिहा. मी काय सोसलं ते लिहू नका, ते तुम्हाला माहीत नाही. आणि मी माफ केलं असं शेवटी घालू नका. लोक घालतात."

"नाही घालणार."

मग मला राहवलं नाही. वय झालं की माणूस हळवा नाही, लोभी होतो. मी म्हणालो, "कधी इकडे आलास तर घरी ये. जेवायला ये."

तो म्हणाला, "जेवायला नाही येणार, भाऊ. रांधायला बोलावत असाल तर येतो. मासा मीच आणीन. तुमच्या चुलीवर, तुमच्या टोपात, आणि तुमच्या घरातली सगळी माणसं बसतील. बोला."

स्वयंपाकघरात माझी म्हातारी आई आणि बायको काहीतरी निवडत बसल्या होत्या. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. दरवाजातून दिसतं तेवढंच पाहिलं, आईच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली, आणि फोन तोंडाजवळ आणून मोठ्याने म्हणालो, "ये."

त्याने तोवर फोन ठेवला होता.